गॅलरीतली काळी डबी

—राहू द्या चपला, फरशी कुठे सोन्याची लागून गेलीय. बसा. भिंतीला भोकं मग पाडा, मी अजून हो म्हटलेलं नाहीये. हो, भाच्याने बुक केलंय, माहितीये मला — "मावशी, किती दिवस त्या केबलच्या मुंग्या बघत बसणार, डिशची छत्री लावून टाक" — लांब बसून बोलायला त्याचं काय जातंय? पण भिंत माझी, डोळे माझे, तेव्हा छत्री की केबल ते मी ठरवणार. चारशे चॅनेल? चारशे कोण बघतं हो? मी तीन बघते, त्यातल्या एकावर नुसती भांडणं असतात. तरी बघते. घरात तेवढाच आवाज. साखर किती घालू? — अहो, ती पिशवी तिथे नको! गॅलरीत नको, खुर्चीवर ठेवा. ती काळी डबी दिसतेय ना कठड्याला बांधलेली, तिला धक्का लागता कामा नये.

खांबावरून लाइन आधी त्या डबीत येते आणि तिथून सगळ्या बिल्डिंगला फाटे. म्हणजे जायचे. आठ घरांना. केबलवाला म्हणाला होता, मावशी, तुमची गॅलरी सोयीची पडते — मला काय, म्हटलं लाव. आणि मग काय विचारता! कुणाचंही चित्र गेलं की वरात माझ्या दारात. तळमजल्यावरच्या जावा-जावा, समोरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट, वरचे ड्रॉइंगचे मास्तर. डबीला हात फक्त माझा, दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाही. मी वायर हलवायची, एकजण जिन्यात उभा राहून ओरडणार — आलं का? — वरून उत्तर — मुंग्या! — आता? — आवाज आला, माणसं नाहीत! — आता? — आलं, आलं, हात काढू नका! आता हात काढू नका म्हणजे काय, मी काय तिथेच झोपू? मी आपली कठड्याशी वायर धरून उभी आणि ही मंडळी माझ्याच पलंगावर बसून माझ्याच टीव्हीवर उरलेला पिक्चर बघणार. शिंपी म्हणायचा, मावशी, तुम्हाला पगार सुरू करायला हवा. मास्तर म्हणायचे, पगार कसला, पुतळा उभारू, एका हातात वायर — हसताय काय, खरंच म्हणायचे.

मी दवाखान्यात होते, केसपेपरच्या खिडकीवर, बत्तीस वर्षं. नाव, वय, काय होतंय, पुढचा. दिवसाला तीनशे माणसं. रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी म्हणजे कुणी मला काही विचारलं नाही. दुधाची पिशवीसुद्धा दाराला अडकवून जातात.

आता? आता सगळ्यांच्या छत्र्या झाल्या. डबीतून दोनच वायरी चालू आहेत, माझी आणि मास्तरांची. त्यांच्या मुलाने हॉलमध्ये भलामोठा टीव्ही घेतलाय, छत्रीचा, पण मास्तर आपल्या खोलीत, त्यांचा जुना टीव्ही अजून केबलवर. आणि केबलवाला परवाच सांगून गेला, मावशी, तुम्ही सोडलंत तर एका घरासाठी मी खांबावर चढणार नाही, लाइन गुंडाळून नेईन. म्हणून मी अडलेय, कळलं ना? माझं काही नाही हो. मास्तरांचं चित्र जाईल.

थांबा — थांबा, बोलू नका. ऐकलंत? काठी. वर मास्तर जमिनीवर काठी आपटतायत, म्हणजे चित्र गेलं. तुमच्या पिशवीचा धक्का लागला असणार, मी सांगत होते! सरका. हे असं — आता? — नाही. जरा खालून धरते — आता? — दोन ठोके! ऐकलेत? एक ठोका म्हणजे गेलं, दोन म्हणजे आलं. आलं! बघा, चहा गार झाला माझा. झाला तर झाला.

वर जाऊन का नाही विचारत? तुम्हीही विचारलंतच. अठरा पायऱ्या आहेत फक्त. — तुला अरे-तुरे केलं तर चालेल ना? भाच्याएवढाच असशील. — अरे, ती वायर दरवेळी आपली आपण नाही निघायची. नाही म्हणजे, निघायचीही. पण रविवारी... रविवार फार मोठा असतो रे. मी जराशी ओढून ठेवायचे. जराशीच. त्या दिवशी मॅच होती, शेवटची ओव्हर. मी आधीच सहा कप चहा टाकला होता. सहा कप! आणि वायर ओढली. मास्तर कधी स्वतः धावत यायचे नाहीत, पण शेवटची ओव्हर — पायात मोजे — जिन्याच्या वळणावर पाय सटकला. खुबा मोडला. तो आवाज मी आतून ऐकला, बशी हातात होती. सगळे म्हणाले, केबलवाल्याचा दोष, वायर धड लावत नाही. बिचारा हात जोडून प्रत्येकाची माफी मागत फिरला. माझ्या दारातही आला. मी त्याला पाणी दिलं. एवढंच केलं मी, पाणी दिलं.

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या मुलाने पहिली छत्री आणली, मग बाकीच्यांनी. सहा वर्षं झाली. ते खाली येऊ शकत नाहीत आणि मी वर जात नाही. काय सांगू जाऊन?

काय म्हणालास? एका छत्रीवर दोन पॉइंट? एक माझ्याकडे, एक मास्तरांच्या खोलीत — त्यांना काही करावं लागणार नाही? आणि चित्र गेलं तर? जातच नाही. पावसात गेलं तरी? आपलं आपण परत येतं. कुणी हात न लावता.

म्हणजे ते काठी कशाला आपटतील?

नाही, तू चांगलंच सुचवलंस. त्यांची सोय होईल. छान स्वच्छ चित्र. केबलही नको मग, डबी काढून टाकता येईल, गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा होईल. चांगलंच आहे की. मी काय... मी मघाशी म्हटलं ना, मास्तरांसाठी अडलेय.

नको. ऐकलंस ना, नको. ड्रिल ठेव आत. तुझ्या मोबाइलवर काहीतरी भरावं लागत असेल ना — लिही, दार वाजवलं, घरात कुणी नव्हतं. भाच्याने फोन केला तर तेच सांग. जा आता.