पाटाची बायको

वरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात यमुताई आपल्या खटल्याच्या पुकाऱ्याची वाट पाहत पोथी वाचत बसल्या होत्या. शेजारी वकिलाचा मुनशी कुहीच्या भागीरथाबाईला शाईची डबी दाखवत होता.

“अंगठा लाव. तुझ्या मालकाच्या मृत्युपत्राचं इंग्रजी आहे.”

“खालच्या कोर्टात मराठीच चाललं ना गा?”

“इथं इंग्रजी लागतं.”

“जज्जसाहेब मराठी नाही काय?”

“मराठीच आहेत. नियम आहे.”

“अन् हे खाली काय लिवलं?”

“भाषांतर समजून घेतलं, बरोबर आहे, असं तू म्हणतेस.”

“मी म्हनतो? मंग सांग तं मले, काय समजलं मले?”

“‘धानाचं वावर माझ्या ठेवलेल्या बाईला द्यावं.’”

“कोनाले?”

“तुलाच. मूळ मराठीत ‘पाटाची बायको’ आहे. वकीलसाहेबांनी इंग्रजीत तसं केलं.”

“पहिला नवरा मेल्यावर चार पंचाईपुढं पाट लागला माह्या. गाव जेवलं. एवढं इंग्रजी शिकला तुह्या साहेब, अन् त्याले बायको समजत नाही?”

“आज शेवटची तारीख आहे, बाई. वावर पाहिजे की नको?”

“पायजे. बायको म्हनूनच पायजे. खोड ते.”

“आता पेन कुठून आणू?”

यमुताईंनी पोथीत खुणेला ठेवलेलं पेन काढलं आणि टोपण उघडून मुनशीपुढं धरलं.