मेंढ्यांच्या वाड्यातली स्पॅनिश

हसू नका, पण माझी स्पॅनिशची ऑनलाइन तोंडी परीक्षा मेंढ्यांच्या वाड्यात झाली. पिंपळगावात आमच्याकडं रेंज तिथंच येते. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "'बोलणे' हे क्रियापद घे. मी बोलावं, तू बोलावंस, अशी सगळी रूपं म्हण."

मी 'आब्ले, आब्लेस' सुरू केलं अन् मेंढ्या बी सुरू झाल्या.

बाई भडकल्या. "तो गोंधळ थांबव, नाहीतर माईक बंद कर. नापास करेन!"

"बोलायचीच परीक्षा हाय ना बाई? मंग माईक बिलकुल बंद होणार न्हाई. अन् मेंढ्या बी इथंच राहतील."

सगळी रूपं जोरात म्हटली. शेवटचं होतं 'आब्लेन', म्हणजे त्यांनी बोलावं. ते म्हटलं अन् फोन सरळ मेंढ्यांपुढं धरला.