‘या’ म्हणायचं राहिलं होतं

जमलेल्या सगळ्या मंडळींना माझा नमस्कार.

दादा, तो माइक जरा बाजूला घ्या. मला लागत नाही. मी सुरेखा. उचगावात आमची पिठाची गिरणी आहे. दिवसभर चक्कीच्या आवाजावरून बोलायचं, त्यामुळं आमचे मालक म्हणतात, तू कानात बोललीस तरी गल्लीला कळतंय. पण आज हा आवाज कुठं जाऊन बसलाय कोण जाणे. आणि सारखी नजर त्या मागच्या दाराकडं जातीय. ताई नेहमी उशिरा यायच्या आणि मागच्या दारानं यायच्या ना? मला अजून वाटतंय, येतील. पिशवी सावरत येतील आणि शेवटच्या खुर्चीवर बसतील. बघा, ती खुर्ची रिकामीच राहिलीय. एवढी माणसं उभी आहेत, पण तिथं कुणी बसलेलं नाही.

मघापासून जो येतोय तो म्हणतोय, ताई गेल्या. शालनताई गेल्या. चांगलं माणूस गेलं. मी इथं उभी आहे, पण माझ्या तोंडातून तो शब्द निघत नाही. का निघत नाही, तेवढंच सांगते. मला भाषण येत नाही. शुद्ध बोलायचा प्रयत्न करीन, मधेच गाडी घसरली तर सांभाळून घ्या.

ताईंचं काम तुम्हाला ठाऊक आहे. ज्या लेकरांना आईबाप उरले नाहीत, किंवा असून सांभाळू शकत नाहीत, त्यांना घर शोधून द्यायचं. आधी मामा, आत्या, चुलता, आजी, रक्ताचं कुणी मिळतंय का बघायचं. नाहीच मिळालं तर दुसरं घर. मंजुरी सरकारी कमिटीची, पण घर ओळखायचं काम ताईंचं. मी एकदा विचारलं होतं, ताई, संस्थेत पोरांना जेवण आहे, शाळा आहे, अंथरूण आहे, मग कशाला हे हेलपाटे? त्या म्हणाल्या, “सुरेखा, संस्थेत माणसं वाईट नसतात. पण तिथं दार उघडायला वॉचमन असतो. वाट बघत कुणी दार उघडत नाही.”

आमचं घर त्यांनी कसं ओळखलं, ऐका. गंमत आहे. एक बाई गव्हाची पिशवी घेऊन दळायला यायला लागल्या. शहरातून उचगावापर्यंत! मला वाटलं, आमचं दळण बारीक असतं, नाव झालं असेल. दळण झालं तरी त्या हलायच्या नाहीत. गिरणीतल्या बाकावर बसून राहायच्या. साडीला मागून सगळं पीठ. जाताना फाटकाशी उभ्या राहून झटकायच्या. गल्लीतली पोरं शाळेला निघाली, की बसल्या जागेवरून म्हणायच्या, “ये हं, सावकाश ये.” ओळख ना पाळख. पोरंसुद्धा मान हलवून जायची.

मग एक दिवस म्हणाल्या, मी अमुक अमुक काम करते आणि मी तुम्हाला बघायला येत होते. मी म्हटलं, बाई, आमचं काय बघितलं? घर तर तुम्ही आत येऊन पाहिलंच नाही. तर म्हणाल्या, “घर बघून काय करायचंय? इथून प्रत्येक माणूस दळण घेऊन निघताना ‘येतो’ म्हणतो आणि एवढ्या आवाजात तुम्ही प्रत्येकाला ‘या’ म्हणता. एकालाही चुकवत नाही. मला तेवढंच ऐकायचं होतं.”

आता ‘या’ म्हणण्यात काय विशेष? आपण सगळेच म्हणतो. घरातून निघणारा कधी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो. आणि आतला म्हणतो, ये. लहानपणापासून अंगवळणी पडलंय, कुणी शिकवावं लागत नाही. पण ताई म्हणायच्या, शिकवावं लागतं. ज्याला दार नाही, त्याला कोण शिकवणार?

अशी वैजू आमच्याकडं आली. शाहूवाडीकडची, डोंगरातल्या वाडीची. बाप आधीच वारलेला, मग आई. ताई वाडीवर जाऊन आल्या, मलकापुरात तिची मावशी होती तिला भेटून आल्या. मावशी रडली, पण तीच अंथरुणाला खिळलेली. म्हणून वैजू काही दिवस संस्थेत आणि मग आमच्या घरी. मला काकी म्हणते. ती बघा, दुसऱ्या रांगेत आमच्या सासूबाईंच्या शेजारी बसलीय. लाजू नको गं.

पोरगी गुणी. सांगितलेलं ऐकायची, ताट स्वतः घासायची. फक्त एक गोष्ट. शाळेला निघाली, की दारात उभी राहून स्पष्ट म्हणायची, “जातो मी.” आमच्याकडं पोरीसुद्धा ‘येतो, जातो’च म्हणतात, पुण्याकडची माणसं हसतात, ते सोडा. पण ‘जातो’! सासूबाईंच्या काळजात चर्र व्हायचं. “अगं पोरी, जातो म्हणू नये. येतो म्हणावं.” ही गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “जातो मी.” आणि आपण ‘येते’ म्हटलं, तर ही उत्तर द्यायची नाही. मी बाजाराला निघाले, ‘येते गं वैजू’ म्हटलं, की ही भिंतीकडं तोंड करून उभी.

ताईंना सांगितलं. त्यांनी तिला जवळ घेऊन विचारलं. तेव्हा वैजू म्हणाली, “येतो म्हणणारी माणसं येत न्हाईत. आय येतो म्हणून दवाखान्यात गेलती.” ताईंनी तिच्या केसातून हात फिरवला. उठल्या, साडीचं पीठ झटकलं आणि फाटकातून मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, “मी गुरुवारी येते गं, वैजू. येते.” त्यांना वाटलं, मी येऊन दाखवीन. एकदा येऊन दाखवलं की पोरीची भीती जाईल. वैजू फाटकाशी उभी होती. तोंडातून शब्द काढला नाही.

मंडळी, तो सोमवार होता. मंगळवारी ताई दुसऱ्या एका लेकरासाठी मलकापूरला गेल्या... बघा, आलाच तो शब्द. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. एसटीची वाट बघत स्टँडच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, नजर रस्त्याकडं. शेजारची एक बाई बराच वेळ त्यांच्याशी बोलत होती म्हणे. पोराचं, सुनेचं, सगळं सांगत होती. मग तिची गाडी लागली. ती उठून म्हणाली, “येते हं, ताई.” उत्तर आलं नाही. तिला राग आला, काय माणूस आहे म्हणून. तिनं पुन्हा म्हटलं, येते हं. आणि मग ती ओरडली.

ही बातमी वैजूपासून आम्ही लपवली. पण गल्लीत काय लपतं? बुधवारी तिनं आपली पिशवी भरली. दोन फ्रॉक, कंगवा, शाळेचं दप्तर. माझ्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाली, “मला परत संस्थेत सोडा.” मी म्हटलं, का गं? आमचं काय चुकलं? तर म्हणाली, “तितं कोण कुणाला येतो म्हणत न्हाय. हितं ऱ्हायलो की तुमी बी म्हणशीला. आजी बी म्हणंल. आन् मग तुमी बी जाशीला.”

काय सांगू तुम्हाला! त्या पोरीला वाटत होतं, तो शब्दच माणूस नेतो. मी समजावलं, मालकांनी समजावलं. जेवली नाही. पिशवी उशाला घेऊन झोपली. मी ठरवलं होतं, जबरदस्ती करायची नाही. शुक्रवारी तिला घेऊन संस्थेत जायचं. म्हणजे पोरगी आमच्या हातातून सुटलीच होती.

आणि मधे आला गुरुवार.

आता पुढचं जे सांगते, त्यावर कुणी हसू नका. मी भुताखेताची बाई नाही. लिंबू-मिरचीसुद्धा मी गिरणीला बांधू देत नाही. भर दुपारची वेळ. ऊन कडकडीत. मालक शहरात, सासूबाई आत आडव्या झालेल्या, वैजू शाळेला न जाता घरीच. मी दळण टाकलं होतं आणि लाईट गेली. ज्यांच्या घरी गिरणी आहे, त्यांना ठाऊक असेल. पट्टा हळूहळू थांबतो आणि मग जी शांतता पडते, ती साधी नसते. कानात पोकळी होते. स्वतःचा श्वास ऐकू येतो. त्या शांततेत मला फाटकाची कडी वाजल्याचं ऐकू आलं.

मी म्हटलं, गिऱ्हाईक असेल. लाईट नाही म्हणून सांगावं, म्हणून दाराशी आले. तर उंबऱ्यात वैजू उभी. पाठ माझ्याकडं, तोंड फाटकाकडं. हातात पाण्याचा तांब्या. रिकामा. आणि ती म्हणाली, “या.”

हळू, पण स्पष्ट. पोक्त बाईनं म्हणावं तसं. या.

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फाटकाची कडी तेवढी हलत होती.

मी विचारलं, “कोण आलतं गं?”

“ताई.”

“काय म्हणाल्या?”

“पाणी प्याल्या. बसल्या. मग येते म्हणाल्या.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तुमी या म्हटला न्हाईसा. मशीन बंद हुतं तरी. मग मीच म्हटलं.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि मग ती पोरगी तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा. हुंदके देत देत म्हणाली, “आय येतो म्हणाली तवा मी रुसून बसलेलो. मला संगं न्हेलं न्हाय म्हणून. तिनं दोनदा म्हटलं, वैजे, येतो गं. मी ये म्हटलंच न्हाय. ताईंनाबी म्हटलं न्हवतं.”

ऐकलंत? एवढ्याशा जिवानं एवढं मोठं ओझं इतके दिवस उचललं होतं, आणि आम्ही तिला ‘येतो’ म्हणायला शिकवत होतो. तुझी आई आजारानं वारली गं बाई, तुझ्या गप्प बसण्यानं नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. माझं ऐकून तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. पण ताई आल्या आणि तिचं उत्तर घेऊन गेल्या, हे तिला पटलं होतं.

लाईट आल्यावर मी गिरणीत परत आले. तुम्हाला ठाऊक आहे, गिरणीत सगळ्यावर पिठाचा थर असतो. सकाळपासून बाकावर कुणी बसलं नव्हतं, सगळा बाक पांढरा होता. एका टोकाला मात्र लाकूड उघडं पडलं होतं. मोठं माणूस बसून उठलं की पडतं तेवढं. वैजू तेवढी नाही. म्हणाल तर कुणी गिऱ्हाईक बसलं असेल, माझं लक्ष नसेल. म्हणा. मी पण तसंच म्हणते. पण अजून तो बाक मी पुसलेला नाही.

शुक्रवारी सकाळी मी मन घट्ट केलं. तिची पिशवी दारात ठेवली. सासूबाई देवळात, मालक गिरणीत. वैजू आतून आली ती शाळेच्या कपड्यात. पिशवी उचलली, दप्तर बाहेर काढलं, फ्रॉक आणि कंगवा परत फळीवर ठेवून आली. दारात उभी राहिली. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “काकी, येतो.”

येतो म्हणाली! आणि मंडळी, ही मी, साऱ्या उचगावला ऐकू जाईल असा आवाज असलेली बाई, माझ्या तोंडून शब्द फुटेना. ओठ नुसते हलले. पोरगी उत्तराची वाट बघत उभी. या पोरीला आज उत्तर मिळालं नाही तर?

आणि माझ्या पाठीमागून, घरातून, आवाज आला. “ये हं, सावकाश ये.”

घरात कुणी नव्हतं. मी परत सांगते, घरात कुणी नव्हतं. वैजूनं मान हलवली, जशी गल्लीतली पोरं हलवायची. आणि धावत निघून गेली. मी मागं वळून बघितलं नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्या भीतीत एक आधारही होता. संध्याकाळी वैजू आली. रोज येते.

मला एवढंच बोलायचं होतं. आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहणार आहोत. माझी एक विनंती आहे. नुसती मान खाली घालून उभे राहू नका. कान उघडे ठेवा. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या लेकरांना दार मिळवून दिलं, ती आपल्याला न सांगता निघायची नाही. ती निघताना काय म्हणेल, ते तुम्हाला ठाऊक आहे. ऐकू आलं तर घाबरू नका. आणि आपल्यापैकी कुणीही तिला उत्तर दिल्याशिवाय राहू नका.

तो पंखा जरा बंद करा, दादा. उभे राहूया.

वैजू, इकडं ये बाळा. माझा हात धर. माझ्या तोंडून निघालं नाही, तर तू म्हण.

ताई, या.