गेटपासवाला ठेकेदार

मी मूळचा सोयगावकडचा. बापानं नाव ठेवलं रावसाहेब, पण साहेबकी काही वाट्याला आली नाय. लग्न झालं तसं शोभाला घेऊन बजाजनगरला आलो आन् वाळूजच्या एका कारखान्यात रबराच्या प्रेसवर उभा राहिलो, तो अजून उभाच हाय. गाडीच्या इंजिनात बसणाऱ्या रबरी रिंगा काढतो. तुम्ही आमची गोष्ट ऐकायला घरी आलात म्हणून सांगतो ताई, तिथली गरमी अशी, की मे महिन्यात बाहेर आलं तरी गार वाटतं.

तर एके दिवशी आमचे सुपरवायझर देशमुख साहेब मिशीतल्या मिशीत हसत आले आन् म्हणाले, रावसाहेब, आजपासून तुम्ही कामगार नाय, ठेकेदार. स्वतंत्र माणूस! सही करा. मी म्हणलं, काम काय करायचं? तर तेच. मशीन कुणाची? कंपनीची. वेळ? तीच. मग बदललं काय? तर म्हणे, तुमची इज्जत वाढली. शेजारच्या प्रेसवरचे सलीमभाई हळूच म्हणाले, इज्जत बढी बोलते रावसाब, जरा जेब कू हात लगाके देखो. पण सही केली, सगळ्यांनीच केली, न करून जातो कुठं.

घरी येऊन छाती काढून सांगितलं, आजपासून तू ठेकेदाराशी बोलतीस. शोभा म्हणाली, व्हय का, मग ठेकेदार, नळाला पाणी आलंय, हंडे भरा.

हसलो, पण ते हसू लई टिकलं नाय. पगार गेला, त्याच्या जागी महिन्याला कामाचं बिल लावायचं आलं. त्यातून ठेकेदाराचा टॅक्स कापायचे, आन् पीएफ, दवाखान्याचा ईएसआय विमा, दोन्ही बंद. ते बंद म्हंजे काय, हे कळलं शोभाच्या पोटात कळ उठली तवा. गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पित्ताशयात खडे. ईएसआयच्या दवाखान्यात गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, तुमचं कार्ड बंद हाय, कंपनी पैसेच भरत नाय. गल्लीतले डॉक्टर तर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. खासगीत करायची आपली ऐपत नाय. कळ आली की शोभा भिंतीला पाठ लावून बसायची, तोंडातून आवाज नाय, आन् मला तिचं ते गप्प बसणं सोसायचं नाय, कारण ही बाई एरवी गप्प बसणारी नाय.

मग सलीमभाईंनी मला ईएसआयच्या ऑफिसात नेलं, तक्रार दिली. काही दिवसांनी तिथल्या एक मॅडम चौकशीला कारखान्यात आल्या. मालक आमच्या प्रेसपाशी उभे राहून गोड आवाजात सांगू लागले, मॅडम, हे स्वतंत्र लोक, मनाला येईल तवा येतात, मनाला येईल तवा जातात, आमचा काही हुकूम नाय त्यांच्यावर.

आन् आमच्याकडं रीत अशी, की गेटपासवर देशमुख साहेबांची सही असल्याशिवाय वॉचमन माणसाला टपरीवर चहालासुद्धा सोडत नाय. मी मालकांचं ते बोलणं ऐकलं, मशीन बंद केली, हात पुसले, डबा उचलला आन् निघालो गेटकडं, वरातीतल्या नवरदेवासारखा, सावकाश. डोक्यात एकच, काम गेलं तर शोभाचं काय. पण थांबलो नाय. आन् देशमुख साहेब सवयीनं गरजले, ए रावसाहेब, कुठं निघाला? कुणाला विचारलं? गेटपास कुठंय? वॉचमन, धर त्याला! अर्धा दिवस कापतो!

मॅडमनी चष्मा वर सरकवला आन् विचारलं, ठेकेदाराला गेटपास लागतो का हो? मालकांनी देशमुख साहेबांकडं असं बघितलं, की बिचाऱ्यांच्या मिशीचा पीळच उतरला. सलीमभाई खोकल्याचं निमित्त करून तोंड दाबत होते.

मग सुनावण्या झाल्या आन् निकाल लागला, आम्ही कामगारच. ईएसआयची मागची सगळी वर्गणी कंपनीनं व्याजासकट भरायची, वर दंड, आन् आमच्या वाट्याचं आमच्याकडून वसूलबी करायचं नाय. पीएफचं अजून चाललंय, होईल तेबी. पण कार्ड चालू झालं, शोभाचं ऑपरेशन झालं, खिडकीवर एक रुपया मागितला नाय कुणी. ऑपरेशनच्या दिवशी सलीमभाईंच्या घरून तिच्यासाठी पातळ खिचडी आली होती.

डॉक्टरांनी खडे बाटलीत घालून दिलेत. ती बाटली टीव्हीवर ठेवलीय आन् आल्या-गेल्याला शोभा दाखवती, हा मोठा, हा तिरपा, ह्यानंच जीव खाल्ला. तुम्हालाबी बघावे लागतील ताई, त्याशिवाय चहा मिळायचा नाय. बघा बघा, आली घेऊन. बोलती किती, ऐका. अशीच बोलत राहू दे बाबा तिला.