सरपंचपदाचं गाऱ्हाणं

मतदाराच्या मनातलं ओळखता येतं म्हणता? मग आमच्या गावची सरपंचाची निवडणूक ऐका! उमेदवार तिघं. बाबी, त्याचाच चुलतभाऊ दाजी आणि होमस्टे चालवणारी मारियाबाय.

प्रचाराच्या शेवटच्या रविवारी सकाळीच बाबी नारळ घेऊन देवळात आला. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या तातूकाकांचा. त्यांनी हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ह्या बाबीक निवडून आण रे म्हाराजा!"

जमलेला गाव सवयीने ओरडला, "व्हय म्हाराजा!"

बाबी नाचायचाच बाकी राहिला. "बघलात? गाव माझो आसा!"

तेवढ्यात दाजी नारळ घेऊन हजर. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा तीच माणसं, तेवढ्याच जोरात, "व्हय म्हाराजा!"

झालं, देवळातच दोघांची जुंपली. "काका, गाव नक्की कोणाचो? देवाक काय ता एकच सांगा!"

तातूकाका जाम वैतागले. दोन्ही नारळ पुढ्यात ओढले आणि खणखणीत आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या दोघांतलो जो कोण गावाक फसयता, तेका पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज बाबीचा आणि दाजीचा! सवयीने तोंडातून निघूनच गेला.

मतदानाला ही गर्दी! मुंबईचे चाकरमानीसुद्धा धावत आले. देव कोणाला पाडतो ते सगळ्यांनाच बघायचं होतं.

देवाने दोघांनाही पाडलं. निवडून आली मारियाबाय. ती त्या रविवारी सकाळी चर्चला गेली होती.