भिंतीकडे तोंड करून

मी, खाली सही करणारी. माझं कागदावरचं नाव वरच्या रकान्यात लिहिलं आहे, पण परिसरात मला सगळे शिवणमावशी म्हणतात आणि मी त्याच नावाला ओ देते. वय अठ्ठावन्न. धंदा शिवणकाम, मुख्यतः लोकांचे कपडे सैल करून देणे किंवा आवळून देणे. राहणार लाँड्रीच्या वर, दुसरा मजला, जिना मागच्या बाजूने. याखेरीज दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये फूड बँक चालते, तिथे वाटपाचं काम बघते. त्याचा पगार नाही.

आज रविवारी मी पोलीस ठाण्यात आपण होऊन आले आहे, मला कोणी बोलावलेलं नाही. हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगते की, फूड बँकेतला कॅमेरा चोरीला गेल्याची तक्रार काल संध्याकाळी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी दिली आहे. ते पूर्वी बँकेत मॅनेजर होते, म्हणून त्यांना आम्ही अजून मॅनेजरसाहेब म्हणतो. त्या तक्रारीवरून परिसरातल्या वायरमनला सकाळपासून इथे बाकावर बसवून ठेवलं आहे. कारण काय, तर काल तो रांगेत होता आणि त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर सापडला. वायरमनच्या खिशात स्क्रूड्रायव्हर नाही तर काय लाटणं सापडणार? हे वाक्य लिहू नका म्हटलं, तर हवालदारसाहेब म्हणाले, लिहून झालं.

कॅमेरा वायरमनने काढलेला नाही. मी काढला आहे. वायरमनला बऱ्याच दिवसांनी काम लागलं असून उद्या सकाळी त्याला साइटवर हजर व्हायचं आहे. चोरीच्या भानगडीत नाव आलं असं मुकादमाला कळलं तर तो याला दारातूनच परत पाठवेल आणि याची बायकापोरं पुन्हा आमच्याच रांगेत उभी राहतील. म्हणून मी हातातलं काम टाकून आले.

आता आमचा नियम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. फूड बँकेत दुकानदार आणि घरोघरचे लोक माल देतात. तांदूळ, डाळ, तेल, पाव, साबण, चहा, मिळेल ते. आम्ही तो फळीवर मांडतो. ज्याला गरज आहे तो येतो, पिशवी भरतो, जातो. नाव विचारत नाही, पुरावा मागत नाही. अगदी सुरुवातीला एक बाई दारात आल्या, टेबलामागे त्यांची शेजारीण मदतीला उभी होती. दोघींची नजरानजर झाली आणि त्या बाई आल्या तशा परत गेल्या. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की आत एका वेळी एकाच माणसाने यायचं, आणि तो पिशवी भरेपर्यंत आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. काही हवं असेल तर त्याने मागून विचारायचं, आम्ही भिंतीला उत्तर द्यायचं. झालं की टेबलावरची घंटी वाजवायची आणि मागच्या दाराने निघून जायचं. घंटी वाजली की आम्ही वळतो. त्या भिंतीचा रंग कुठे उडाला आहे ते मला पाठ आहे. तिच्यावर एक पाल असते, तिला आम्ही सेक्रेटरी म्हणतो.

हवालदारसाहेबांनी विचारलं, म्हणजे कोण येतं हे तुम्हाला माहीतच नाही? मी सांगितलं, मी कोणाला पाहिलेलं नाही. पण कान काही भिंतीकडे वळवता येत नाहीत. खोकला, चप्पल, पिशवीची कुरकुर, सगळं कळतं. वायरमन येतो तेव्हा शिट्टी वाजवत येतो आणि डाळीपाशी आला की बंद करतो. हे ऐकून वायरमन बाकावरून म्हणाला, "मावशी, हे कशाला सांगताय?" मी म्हटलं, "गप बस, तुझ्याच भल्याचं चाललंय."

मागे एका शनिवारी माझ्याकडून एक चूक झाली. मागून कोणीतरी विचारलं, "चहा आहे का?" आवाज तंतोतंत मॅनेजरसाहेबांचा, शेवटचा शब्द जरा ओढायची लकबसुद्धा तीच. साहेब सकाळी माल उतरवून घेतात आणि वाटप सुरू व्हायच्या आत घरी जातात, गर्दी त्यांना सोसत नाही. मला वाटलं, आज काहीतरी विसरले असतील. मी भिंतीकडे बघत हसून म्हटलं, "साहेब, घरी जा आता. तुमच्यावर काय इथला चहा न्यायची वेळ आली आहे?" मागची पिशवीची कुरकुर थांबली. मग घंटी वाजली. मी वळले तर हॉल रिकामा, आणि टेबलावर भरलेली पिशवी तशीच ठेवलेली. साहेब त्या वेळी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते, हे मला नंतर कळलं. तो माणूस पुढचे बरेच शनिवार आला नाही. त्या दिवसांत त्याने काय खाल्लं मला माहीत नाही. मला त्या पिशवीचं अजून वाईट वाटतं, हे लिहा.

साहेबांना एक थोरला भाऊ आहे. तो लांब मुलाकडे असतो, मोठं घर आहे, अगदी मजेत आहे, असं साहेब नेहमी सांगतात. मी त्या भावाला कधी पाहिलेलं नाही. हवालदारसाहेबांनी पेन थांबवून विचारलं, मग तो आवाज त्यांचाच का? मी सांगितलं की मी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते जबाबात देता येत नाही, असं तुम्हीच मघाशी म्हणालात.

पुढे एका शनिवारी तोच आवाज पुन्हा आला. "चहा आहे का?" या वेळी मी शहाणपणा केला नाही, फक्त "आहे" म्हटलं. थोड्या वेळाने विचारलं, "दोन पाकिटं घेतली तर चालतील?" नियम माणशी एका पाकिटाचा आहे. मी म्हटलं, "घ्या." तेव्हापासून दर वेळी दोन पाकिटं जातात. माझ्या परवानगीने जातात, त्यामुळे त्याला चोरी म्हणता येणार नाही.

चहा जास्त जातो हे साहेबांच्या लक्षात आलं. त्यांचं लक्ष फार असतं. त्यांनी सभेत सांगितलं की कोणीतरी आपला गैरफायदा घेतंय. मी म्हटलं, चहाच तर आहे. ते म्हणाले, "मावशी, प्रश्न चहाचा नाही, शिस्तीचा आहे. तुम्ही कोणी बघत नाही, म्हणून कोणीतरी बघायला हवं." आणि त्यांनी फळीच्या बरोबर समोर कॅमेरा लावून घेतला. बँक म्हटलं की साहेबांना कॅमेरा आठवतोच. एरवी माणूस वाईट नाही. पोती स्वतःच्या पाठीवरून उतरवतात, कंबर धरते तरी सांगत नाहीत.

कॅमेरा मागच्या शनिवारी लागला. त्या दिवशी सगळे येऊन गेले, वर कोणाचं लक्ष गेलं नाही. तो आवाजही येऊन गेला. मग आठवडाभरात बातमी फुटली आणि काल रांग निम्म्यावर आली. ज्यांना दुसरा इलाजच नव्हता तेवढेच आले, तेही मान खाली घालून. तो आवाज आला नाही. काल सकाळी माल उतरवताना साहेब मला म्हणाले होते, "उद्या सुनेला बसवून पहिल्यापासून सगळं बघतो. चहाचोर सापडलाच म्हणून समजा." ते मोठ्या खुशीत होते.

दुपारी मदतीची मंडळी बाहेर चहा प्यायला गेली तेव्हा मी स्टुलावर चढले. कात्री माझ्या पिशवीत असतेच. तिने वायर कापली, कॅमेरा हिसडून काढला, अस्तराच्या कापडात गुंडाळला आणि डाळीच्या पिंपात तळाशी घातला. अजून तिथेच आहे. कात्रीची धार गेली. ही हकीकत सांगितल्यावर वायरमन म्हणाला की तुटलेली वायर त्याला सकाळी पोलिसांनी दाखवली तेव्हाच तो सांगत होता, मी काढला असता तर नीट काढला असता, असं उंदराने कुरतडल्यासारखं काम मी करत नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे.

कॅमेरा काढण्याचं कारण विचारलं, ते असं की त्यातली चित्रं साहेबांनी बघू नयेत. एका माणसासाठी बघू नयेत. खरं सांगायचं तर दोघांसाठी. तो माणूस एकदा माझ्या बोलण्याने उपाशी परत गेला आहे, दुसऱ्यांदा तसं व्हायला नको होतं.

यावर हवालदारसाहेबांनी सांगितलं की चित्रं कॅमेऱ्यात नसतात, ती साहेबांच्या मोबाइलमध्ये जातात. माझी समजूत अशी होती की ती कॅमेऱ्याच्या पोटात असतात. शिलाई मशीनचा दोरा मशीनमध्येच असतो, त्यावरून मी धरून चालले. मी विचारलं, मग आता? ते म्हणाले, साहेब सकाळीच सुनेकडे गेले आहेत, मोबाइल घेऊन इकडेच येणार आहेत. आणि म्हणाले, तुम्ही स्टुलावर चढतानाही दिसला असाल. मी म्हटलं, दिसू देत. हवालदारसाहेबांनी पाणी दिलं.

पाणी पीत असतानाच मॅनेजरसाहेब आले. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. बसा म्हटलं तर बसले नाहीत. हवालदारसाहेबांना म्हणाले, "तक्रार मागे घ्यायची आहे. चोरी झालेली नाही." हवालदारसाहेबांनी विचारलं, मग कॅमेरा? साहेब म्हणाले, "संस्थेची वस्तू संस्थेच्या पिंपात आहे. मी बघितलं सगळं, हॉलमध्ये जाऊनही बघितलं." मग वायरमनला म्हणाले, "तुला उगाच त्रास झाला. मुकादमाशी मी बोलतो." वायरमन म्हणाला, "नका बोलू साहेब, त्याला काहीच माहीत नाही. ते तसंच राहू दे."

मग साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "मला काय माहीत असणार, मी भिंतीकडे तोंड करून असते." ते म्हणाले, "किती वाळलाय तो. सून म्हणाली, बाबा, हे कोण आजोबा, अगदी तुमच्यासारखे दिसतात. मी तिला म्हटलं, असतील कोणी." आणि म्हणाले, "चहा त्याला पहिल्यापासून फार लागतो. लहानपणी माझ्या कपातला पण प्यायचा. मी आईला सांगायचो, मग तो मार खायचा." शेवटचा शब्द नेहमीसारखा ओढला, पण तो पुरा झाला नाही.

मी खुर्ची भिंतीकडे फिरवली. हवालदारसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांनीही फिरवली. बाकावरचा वायरमन उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ठाण्याच्या भिंतीला नवीन रंग आहे, बघण्यासारखं काही नाही. मग साहेबांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी मी वाटपाला थांबलो तर चालेल?" मी भिंतीला सांगितलं, "चालेल. पण नियम सगळ्यांना सारखा." ते म्हणाले, "हो." हवालदारसाहेबांच्या टेबलावर शिपायाला बोलवायची घंटी आहे. ती वाजली तेव्हा आम्ही वळलो. साहेब गेले होते. मोबाइल नेला होता.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. लाटण्याचं वाक्य सोडून बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि ते वाक्यही खरंच आहे. वाचून झाल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला की, त्या वेळी तक्रारदार रडत होते काय? त्याचं उत्तर असं की, मी पाहिलेलं नाही.