गाळा क्रमांक एक

(नगरपालिका, बाजार विभागाची खोली. दुपारचे साडेतीन. टेबलाभोवती तिघं: न दिसणारी मंजुषा, नगरपालिकेची वेबसाइट सांभाळणारी पुनम आणि वरिष्ठ लिपिक रामलिंग. ‘फोन’ म्हणजे मंजुषाचा मोबाईल. बोटाखाली येईल ते तो मोठ्यानं वाचतो.)

मंजुषा : बोट नका धरू हो पुनमताई. मीच हुडकते.

पुनम : सॉरी, सॉरी. हात आपोआप पुढं येऊन राहिला.

फोन : बाजार विभाग. गाळे वाटप. बटण.

मंजुषा : हां! बोललं की! पंधरा दिवसांमागं हेच पान नुसतं ‘बटण, बटण, बटण’ करत होतं. कशाचं बटण ते देवाला ठाऊक.

पुनम : आता एकेकाला नाव दिलंय. तुम्ही तक्रार देऊन गेलात त्या दिवशी मी डोळ्याला ओढणी बांधून बसले. अर्ध्या तासात रडकुंडीला आले. नावांची यादी रामलिंगकाकांनीच करून दिली. ‘पुढे जा’ म्हणायला त्यांनी काय लिहिलं होतं, सांगू? ‘पुढील यथोचित कार्यवाहीस्तव सादर’.

रामलिंग : त्यात काय चुकलं? कार्यालयीन भाषा हाय ती. तीस सालापासून लिहून राहिलो.

मंजुषा : ते वाचून होईस्तोवर पाच वाजले असते, साहेब.

रामलिंग : पाचला मुद्दत संपती, ते खरं हाय. म्हून तर म्हणतो बाई, तुमी कामून जिवाला घोर लावून घेता? पाच मिन्टांत मी दरखास्त भरून देतो. तुमी चहा घ्या.

मंजुषा : मागल्या साली दिली होती की एकानं भरून. बाहेरच्या सेंटरवाल्यानं. त्यानं सवयीनं सोताचाच नंबर टाकला. गाळा मिळाल्याचा मेसेज गेला त्याच्या फोनवर. त्यानं बघितलाच न्हाई. आठ दिवसांत हजर झाले न्हाई म्हून गाळा रद्द. मी घरी वाट बघत बसले, आन इकडं माझं नाव कापलं.

रामलिंग : ते मला ठाऊक हाय. पत्र मीच काढलं होतं.

मंजुषा : मग? चार साल झाले, शेंगाची चटणी कुटते, कडक भाकरी करते. आमचे वडील, अण्णा, पिशव्या घेऊन हॉटेलाहॉटेलांत फिरतात. त्यांचे गुडघे गेले आता. मला सोताचं दुकान पायजे. आन दरखास्त पण सोताच्या हातानं पायजे.

पुनम : दाबा पुढं. बघू तरी.

फोन : तुम्ही मानव आहात का? तीन अधिक चार किती?

मंजुषा : सात. हे लई बेस केलं. आधी वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र होतं ना? ते न दिसणारा मानवच न्हाई, असंच म्हणायचं की त्याला.

रामलिंग : हाहा! बोलणं झोंबतं बरं का तुमचं.

फोन : राखीव गाळ्यांची सूचना. चित्र.

मंजुषा : चित्र काय? पुढं?

फोन : चित्र.

मंजुषा : गप बसलं हे.

पुनम : काका! मी तुम्हाला त्या नोटिशीची टाईप केलेली फाइल मागितली होती ना?

रामलिंग : मागितली होती. दिली न्हाई.

पुनम : कामून?

रामलिंग : त्याच्यावर गोल शिक्का कुठं असतो? कागद टाईप होतो, साहेबांची सही होती, शिक्का बसतो, मग त्याचा फोटो काढून वेबसाइटवर. बिगर शिक्क्याची नोटीस म्हंजे नोटीसच न्हाई. दोन सालामागं कुणी तरी नळपट्टी माफ झाली म्हून खोटा कागद फिरवला. अर्धं गाव माझ्या टेबलापुढं! तवापासून शिक्क्याबिगर काहीच चढवत न्हाई.

पुनम : शिक्का डोळेवाल्यासाठी आहे काका. यांच्या फोनला त्यातलं एक अक्षर कळून नाही राहिलं.

रामलिंग : मग मी मेलो का? वाचून दाखवतो की. ऐका बाई. दिव्यांग प्रवर्गासाठी राखीव गाळे... तीन. गाळा सात, मंडईच्या पाठीमागं. गाळा अकरा, दवाखान्याच्या बोळात. गाळा बारा, त्यालाच लागून. माझं ऐकाल तर अकरा घ्या. सावली हाय, शांत जागा हाय, पायऱ्या न्हाईत.

मंजुषा : शांत जागी चटणी कोण घेतंय?

रामलिंग : येतात हळूहळू.

मंजुषा : अजून काय लिहिलंय?

रामलिंग : बाकी नेहमीच्या अटी-शर्ती.

मंजुषा : त्या पण वाचा.

रामलिंग : त्यात काय वाचायचं? टाईम कशाला घालवता?

मंजुषा : साहेब, तुमी ‘गाळे तीन’ म्हणताना अडखळला होता.

रामलिंग : चष्मा बदलायला झाला माझा.

पुनम : थांबा. हॅलो, सिंधुताई? राखीव गाळ्यांची नोटीस तुम्हीच टाईप केली ना? फोनला वाचता येतो त्या नवीन फॉन्टात आहे? मग मला पाठवा बरं. हाव, आत्ताच.

रामलिंग : पुनम, माझ्या परवानगीबिगर वेबसाइटवर काही चढवायचं न्हाई. सांगून ठेवतो.

पुनम : वेबसाइटवर नाही चढवत. मंजुषाताईच्या फोनवर पाठवून राहिले. जाहीर नोटीस आहे ना? जाहीर म्हणजे जाहीर. गेली. लावा ताई.

फोन : दिव्यांग प्रवर्गासाठी राखीव गाळे चार. गाळा क्रमांक एक, बस स्थानकाच्या मुख्य दारासमोर. गाळा क्रमांक सात, मंडईच्या मागे.

मंजुषा : थांब, थांब. चार म्हणतोय हा.

पुनम : पुढचं ऐका.

फोन : प्रत्येक गाळ्यासाठी प्रथम प्राप्त झालेला अर्ज ग्राह्य धरण्यात येईल. विहित मुदतीत अर्ज न आल्यास गाळा खुल्या लिलावात देण्यात येईल.

मंजुषा : साहेब? साहेब उठून गेले का?

पुनम : नाही. इथंच आहेत. खाली बघून राहिले.

मंजुषा : तुमी एक नंबर गाळला.

रामलिंग : हाव.

पुनम : कुणासाठी ठेवला होता काका? पाच वाजले की लिलाव. कोण टपून बसलंय?

रामलिंग : ए पोरी! जिभेला काही हाड? तीस सालात कुणाचा चहा फुकट प्यालो न्हाई मी. विचार जा कुणालाबी.

पुनम : मग वाचला कामून नाही?

रामलिंग : त्या दारासमोर दिवसाला किती गाड्या वळतात, ठाऊक हाय? लोहा, नायगाव, उदगीर, नांदेड, लातूर. डोळस माणूस चेंगरतो तिथं. ही बाई काठी घेऊन रोज तिथं येणार, कुठं पडली-झडली तर? म्हून वाटलं, नकोच. भल्यासाठीच केलं.

मंजुषा : माझ्या भल्यासाठी.

रामलिंग : देवाशपथ.

मंजुषा : आन मला न विचारता. मागल्या साली त्या सेंटरवाल्यानं गाळा घालवला, त्याचा राग आला होता मला. तुमचा त्याहून जास्ती आलाय. त्याची चूक झाली होती. तुमी जाणून केलं. मी इथं तुमच्यापुढं बसले होते, कान देऊन, आन तुमी माझ्यासाठी वाचत होता!

रामलिंग : बाई, मी...

मंजुषा : ऐका माझं. गर्दी मला दिसत न्हाई, ऐकू येती. गाडी लागली की कंडक्टर वरडतो, पोरंबाळं रडतात, माणसं पळतात. कुठं वाट मोकळी हाय ते मला आवाजावरनं कळतं. गर्दी म्हंजे गिऱ्हाईक. मला भ्याव वाटतं ते शांत जागेचं. शांत जागी आमच्यासारख्याला बसवलं की सगळे मोकळे होतात. त्यांना वाटतं, सोय झाली.

पुनम : काका, पाणी घ्या.

रामलिंग : नको. बसवंत... माझा धाकटा भाऊ. पोलिओनं पाय गेलेला. त्याला पण मी असंच दुकान घेऊन दिलं होतं. बोळात. सावलीचं. दिवसभर माशा मारत बसायचा. दोन सालात बंद झालं. आता घरात असतो, कुणाशी धड बोलत न्हाई. मी म्हणत होतो, नशीब त्याचं. त्याला कुठं बसायचं होतं ते मी विचारलंच न्हाई बघा. एकदाबी न्हाई.

मंजुषा : मग विचारा अप्पा. अजून हायत ना ते?

रामलिंग : पुनम, किती वाजले?

पुनम : सव्वाचार.

रामलिंग : चढव ती टाईप केलेली नोटीस. फोटोच्या वर चढव. शिक्क्याची खाली राहू दे. खाली लिही, दोन्हीचा मजकूर एकच. साहेब आज नांदेडला मीटिंगला गेलेत, चार्ज माझ्याकडं हाय. जिम्मेदारी माझी. आन इथून पुढं प्रत्येक नोटीस अशीच जाईल. मी तसं लेखी काढतो.

पुनम : खरंच?

रामलिंग : शिक्का मारूनच काढतो!

मंजुषा : आता भरू का मी?

पुनम : भरा. पान आता मधेच बंद पडत नाही. आधी तीन मिनिटांत बाहेर फेकत होतं.

फोन : अर्जदाराचे नाव. मोबाईल क्रमांक. प्रमाणपत्र क्रमांक. गाळा निवडा.

मंजुषा : एक.

फोन : गाळा क्रमांक एक, निवडला. पुढे जा. बटण. मदतनीसाचे नाव. आवश्यक.

मंजुषा : हे काय आणखीन?

पुनम : अगं बाई!

मंजुषा : काय झालं?

पुनम : दिव्यांग अर्जदार असला की सोबत आलेल्याचं नाव टाकावं लागतं. त्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही.

मंजुषा : म्हंजे मी एकटी आले तर माझी दरखास्तच न्हाई? तुमी तर पंधरा दिवस तपासून राहिला होता.

पुनम : तपासलं. प्रत्येक वेळी तिथं माझंच नाव टाकून पुढं गेले. मला खटकलंच नाही ताई. लाज वाटून राहिली आता.

रामलिंग : ते जुन्या कागदावरून आलंय. पूर्वी अंगठा घेतला की खाली साक्षीदार लागायचा. मीच दिला होता तो नमुना. जाऊ द्या, आता वाद नको. माझं नाव टाका. वीस मिन्टं राहिलीत.

मंजुषा : न्हाई.

पुनम : माझं टाका. नंतर दुरुस्त करते मी. गाळा हातचा जाईल ताई.

मंजुषा : हे नाव टाकलं की उद्या माझ्यासारखी एखादी बाई एकटीनं घरी बसून अर्ज भरंल, ती इथंच अडकंल. तिनं कुणाचं नाव टाकायचं? काढता येतं का ते?

पुनम : येतं. दहा मिनिटं लागतील. पण तुम्ही भरलेलं सगळं पुसलं जाईल. आणि मंजुरीचा ओटीपी काकांच्या मोबाईलवर येतो.

मंजुषा : पुसू द्या. परत भरते.

रामलिंग : बाई, इरेला पेटू नका.

मंजुषा : अप्पा, गाळा माझा जाणार हाय ना? मग मलाच ठरवू द्या की.

रामलिंग : ...लाव पुनम. काढ ते. मी खिडकीपाशी जातो, इथं रेंज न्हाई.

पुनम : सक्ती काढली, ऐच्छिक केलं. आता मंजुरी मागून राहिले. आला का ओटीपी?

रामलिंग : न्हाई अजून.

मंजुषा : किती वाजले?

पुनम : चार पन्नास. काका?

रामलिंग : आला, आला! लिही. सहा, दोन, दोन, नऊ.

पुनम : झालं. ताई, पहिल्यापासून.

फोन : बाजार विभाग. गाळे वाटप. तीन अधिक... अर्जदाराचे... मोबाईल क्र... प्रमाणपत्र...

रामलिंग : अरे! त्याला बोलू तर द्या पुरतं!

मंजुषा : आता वाट पाठ झाली की. ऐकत बसायला टाईम कुणाला हाय?

फोन : गाळा क्रमांक एक, निवडला. मदतनीसाचे नाव. ऐच्छिक. अर्ज पाठवा. बटण.

पुनम : चार सत्तावन्न. दाबा.

मंजुषा : दाबलं.

पुनम : फिरून राहिलंय... फिरून राहिलंय...

फोन : आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे.

पुनम : गेला! ताई, गेला! काका, गेला!

रामलिंग : थांब, मला रजिस्टर बघू दे. गाळा एक... पहिला अर्ज हाच. दुसरा न्हाईच. चार अठ्ठावन्न... एकोणसाठ... वाजले पाच! संपली मुद्दत. मंजुषाबाई, गाळा तुमचा झाला. उद्या बघा, कोण कोण तोंड वासून येतं माझ्यापुढं. त्यांना मीच रजिस्टर दाखवणार!

पुनम : रडू नका ताई. नाहीतर मीपण रडंन.

मंजुषा : रडत न्हाई मी. लई बरं वाटायलंय. अण्णाला सांगायचंय. पण आधी ही पावती पुरी ऐकते. कुणी बोलू नका.

फोन : अर्जदार, मंजुषा चंद्रप्पा हालकुडे. गाळा क्रमांक एक, बस स्थानकाच्या मुख्य दारासमोर. मोबाईल क्रमांक, अर्जदाराचा स्वतःचा. मदतनीस, निरंक.

मंजुषा : निरंक?

रामलिंग : सरकारी शब्द हाय बाई. रिकाम्या जागी लिहितात. म्हंजे, कुणी न्हाई.

पुनम : परत लावू?

मंजुषा : नको. मी लावते.

फोन : मदतनीस, निरंक.